दुभाजकातली मामांची वाट

"पोरगी गुणाची हाय गं, पण तिचा पाय घरात पडला अन् पंधरवड्यात त्या जागेनं माणूस घेतलं. हे काही बराबर न्हाई!"

हे मी ऐकायचं नव्हतं. मोठ्या काकूंनी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंनी, ते माझ्या सासूबाईंच्या कानात सांगितलं होतं. पण हायवेकाठच्या माणसांचं कानात सांगणंसुद्धा ट्रकच्या आवाजाला मागं टाकील एवढं मोठं असतं. मी पत्र्याच्या दारामागं हळद पाखडत होते. सूप हातात तसंच राहिलं.

आखाडा बाळापूरच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं घर. वसमतला माहेरी असताना गल्लीत सांगण्यासारखं काही घडायला वर्ष जायचं. इथं ओट्यावर नुसतं बसलं तरी किस्से आपल्या पायानं दारात येतात. काही तर येताना पडतात! त्यात नवी सून बोलत नसली की तिच्यासमोर सगळे मोकळे बोलतात. तेव्हा माझ्याकडं बरेच साठलेत.

*

काकू 'ती जागा' म्हणाल्या ती आमच्या दारासमोरच आहे. तिला सगळे 'मामांची वाट' म्हणतात. मामा म्हणजे माझे सासरे; सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते.

हायवे चौपदरी झाला आणि मधे सिमेंटचा दुभाजक आला. आमचं घर अलीकडं, शेत पलीकडं. वळायची खरी जागा पार पुढं, पेट्रोल पंपाजवळ. मामांनी थोडे दिवस ट्रॅक्टर तिकडून फिरवला. मग एक दिवस चार माणसं गोळा केली, सब्बल घेतली आणि दारासमोरचा दुभाजक ट्रॅक्टर जाईल एवढा फोडला!

"साहेब लोकांनी रस्ता केला, पण अक्कल इसरले," मामा हे दर पाहुण्याला सांगतात. "मंग ती आमी बसवली."

काम झाल्यावर तिथं रीतसर हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले. उद्घाटन! आता आसपासचे सगळे तिथूनच वळतात, आणि वळताना ओट्याकडं बघून मामांना हात करतात.

*

या घराची एक रीत मला लग्नानंतर कळली. नवस मनात बोलायचा नाही. देवासमोर उभं राहून मोठ्यानं बोलायचा, सगळ्या घरादेखत. आणि एकदा बोलला की तो घराचा. ज्याच्या नावानं बोलला असेल त्यानं फेडायचा, मग त्याला आधी विचारलेलं असो की नसो.

धाकट्या दिराला, संतोष भाऊजींना, मस्कतचा व्हिसा मिळेना तेव्हा आत्याबाई देवीसमोर उभ्या राहिल्या आणि खणखणीत म्हणाल्या, "लेकराचं काम होऊ दे, यांच्या मिशा वाहीन!"

मामा शेजारीच हात जोडून उभे होते. दचकून मिशीवर हात गेला, पण तोवर बोलून झालं होतं. व्हिसा आला. मिशा गेल्या. फोटो आहे घरात. ओळखू येत नाहीत!

"मिशा परत येतेत," आत्याबाई म्हणतात. "बोललेलं परत घेता येत न्हाई."

*

काकू म्हणाल्या ते 'माणूस' म्हणजे पलीकडच्या शेतातले किसनराव. रोज सकाळी मोटारसायकलला दुधाचे कॅन लावून मामांच्या वाटेनं यायचे. मी सडा घालत असले की म्हणायचे, "काय सूनबाई, करमतंय का?" मी मान हलवायची. आमचं एवढंच बोलणं.

त्या सकाळी मी मान वर केली तेव्हा ते वाटेच्या तोंडाशी होते. नांदेडकडून पांढरी कार येत होती. मला दिसत होती. त्यांना दिसत नव्हती, कारण मधे उसाची ट्रॉली होती. मी ओरडले असते तरी ऐकू गेलं नसतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

आवाज पोतं टाकल्यासारखा झाला. एवढाच. मग डांबरावरून दूध पसरत आमच्या नालीपर्यंत आलं.

माणसं जमली. निम्म्यांच्या हातात मोबाईल. "हात लावू नका, पोलीस विचारतेत," कुणीतरी म्हणालं. ॲम्ब्युलन्स आली, जवळच्या दवाखान्यानं नांदेड दाखवलं, आणि नांदेड काही जवळ येईना. ते वाटेतच गेले.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर चर्चा. एक म्हणाला, अमावस्या टेकली होती. दुसरा म्हणाला, घरातून निघताना मागून हाक मारली होती म्हणे. तिसरा म्हणाला, ती जागाच वाईट, तिला माणूस लागतं. मी चहा देत होते आणि वाट बघत होते, कुणीतरी दुभाजकाचं नाव काढील म्हणून.

एकानं ओट्याला टेकवून ठेवलेल्या त्यांच्या मोटारसायकलच्या हँडलकडं बोट दाखवलं. तिथं किसनरावांचं हेल्मेट लटकत होतं. कोरं, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं.

"बघा," तो म्हणाला, "हेल्मेट असून गेला माणूस!"

*

हेल्मेटवरून आठवलं. माझ्या वडिलांनी लग्नात जावयाला आहेर म्हणून हेल्मेट दिलं. मांडवात हशा! "सासऱ्यानं पोरगी दिली अन् संग डोस्कंबी दिलं!"

आमचे हे कळमनुरीला खताच्या दुकानात कामाला आहेत. किसनराव गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हेल्मेट शोधलं. ते गोठ्यात सापडलं. उलटं ठेवलेलं, आत भुसा आणि भुशावर आमची तांबडी कोंबडी!

"हिला उठवू नको," हे हळूच म्हणाले. "खुडूक बसलीय. पिल्लं निघू दे, मंग घालतो."

पिल्लं निघाली, मोठी झाली, अंगणभर पळायला लागली. हेल्मेट धुऊन मी खुंटीला अडकवलं. ते अजून खुंटीलाच आहे. रोज संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज कळमनुरीच्या बाजूनं येतो, वाटेपाशी जरा थांबतो. मी तव्यापाशी कान देऊन बसते. स्टँड लावल्याचा आवाज आला की मी भाकरी उलटते. तोवर ती एका बाजूनं करपलेली असते.

"सूनबाईला भाकरी जमत न्हाई अजून," आत्याबाई सगळ्यांना सांगतात.

*

मग संतोष भाऊजी सुट्टीवर आले. मस्कतला ते ट्रेलर चालवतात. आल्या दिवशी ओट्यावर तिकडच्या गोष्टी: वाळवंटात रिकामा रस्ता, चिटपाखरू नाही, तरी लाल दिवा लागला की ट्रेलर उभा. बेल्ट न लावता गाडीच चालू करायची नाही.

हे सांगून ते उठले, मित्राची मोटारसायकल घेतली, पाठीमागं दोघं बसवले आणि उलट्या बाजूनं बाळापूरला पान खायला गेले!

परतल्यावर मी न राहवून विचारलं, "भाऊजी, तिकडं काहून थांबता?"

"तिकडं पकडतेत ना, वहिनी."

"अन् इकडं?"

"इकडं आपलेच लोक हायेत!"

मग त्यांनीच एक सांगितलं. तिकडं त्यांच्या कंपनीजवळच्या वळणावर एक पाकिस्तानी ड्रायव्हर अपघातात गेला. दुसऱ्या दिवशी माणसं आली, टेप लावून रस्ता मोजला, टायरच्या खुणांचे फोटो काढले, आणि आठवड्यात ते वळण बंद करून टाकलं.

"त्याची काही शांत वगैरे केली न्हाई?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"घरात नवं कुणी आलं होतं का त्याच्या?" काकूंनी विचारलं, आणि माझ्याकडं बघायचं टाळलं.

"त्याचं घर कुणी इचारलंच न्हाई, काकू. रस्ताच बघत होते नुसता."

 मामा म्हणाले, "त्या लोकांना माणसाची कदर न्हाई!"

*

आमच्याकडं कदर आहे. म्हणून किसनरावांनंतर वाटेच्या तोंडाशी एक दगड बसवला, शेंदूर लावला. जागा शांत राहावी म्हणून. आता तिथून वळणारा प्रत्येक जण हँडलवरचा एक हात काढून कपाळाला लावतो आणि डोळे मिटतो. नेमके तिथंच!

गेल्या आठवड्यात ह्यांनीही मिटले.

स्टँडचा आवाज आलाच नाही. आधी ट्रकचा हॉर्न, मग घासत गेल्याचा आवाज. भाकरी तव्यावर टाकून मी पळाले. हे दुभाजकाला टेकून बसले होते. कोपरापासून हात सोललेला, चप्पल कुठं तरी उडालेली, आणि मोटारसायकलचं मागचं चाक नुसतं फिरत होतं. "काही न्हाई झालं," हे म्हणत होते.  ट्रक थांबलाही नव्हता.

त्या संध्याकाळी काकू कानात बोलल्या नाहीत. सगळ्यांसमोर बोलल्या, "किती दिवस दमानं घ्यायचं? सूनबाईचा पाय पडल्यापासून जागा खवळली हाय. मंगळवारी तिला तिथं घेऊन जा, तिच्या हातानं जागेची ओटी भरा, तिलाच नवस बोलू द्या."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे बँडेजकडं बघत होते.

मंगळवारी सगळं घर निघालं. पुढं मामा नारळ घेऊन, मागं मी ताट घेऊन, मग आत्याबाई, काकू, भाऊजी आणि गळ्यातल्या झोळीत हात अडकवलेले हे. एका बाजूच्या गाड्या चुकवून आम्ही सगळे त्या फोडलेल्या जागेत उभे राहिलो. दोन्हीकडून ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकबरोबर माझा पदर ओढल्यासारखा उडायचा. ताटातली उदबत्ती विझली. भाऊजींनी परत लावली, परत विझली.

"सूनबाई, हिकडं सरक, सांभाळून," मामा म्हणाले. माया आहे त्यांची माझ्यावर, खरंच आहे. एका हातानं त्यांनी मला आत ओढलं. मोडलेल्या सिमेंटमधून सळया बाहेर आल्या होत्या, त्यांना माझी साडी अडकली.

मी ओटी भरली. मामांनी दुभाजकाच्या तुटक्या कडेवर आपटून नारळ फोडला. पाणी दगडावर शिंपडलं.

"माग आता," काकू म्हणाल्या. "मोठ्यानं. मनातल्या मनात चालायचं न्हाई."

"नाव घेऊन बोल," आत्याबाई म्हणाल्या. "ज्याच्यासाठी मागायचं त्याचं, अन् जो फेडणार त्याचंबी."

सगळ्यांनी हात जोडले. मामांनी डोळे मिटले. मी एक ट्रक जाऊ दिला. मग दुसरा. आवाज जरा कमी झाला तशी मी, या घरात आल्यापासून कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढून म्हणाले,

"देवा, ह्यांना सुखरूप घरी येऊ दे. पंपापासून वळून आले, रोज उशीर झाला तरी चालंल. अन् वाट फोडायला मामांच्या हाताला जसं बळ दिलंस, तसंच आता सिमेंट कालवायला दे. येत्या मंगळवारच्या आत मामा आपल्या हातानं ही वाट बुजवतील!"