दोन कोअर आणि शेंदूरजनाघाटची संत्री

शेंदूरजनाघाटच्या एका बागाईतदार काकांसाठी मी संत्री निवडायचं यंत्र बनवत होतो. पट्ट्यावरून आलेलं संत्रं तोलायचं आणि वजन पाहून झडप उघडून त्याच्या कप्प्यात पाडायचं, एवढंच काम. पण पडद्यावरचे आकडे बदलायला लागले की तोलणं मागे पडायचं आणि संत्रं पुढे निघून जायचं. महिनाभर डोकं आपटून शेवटी मी अमरावतीहून अकोल्याला, माझ्या जुन्या मॅडमकडे गेलो. पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी आम्हाला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारी छोटी संगणक-चिप, शिकवला होता. आता त्या निवृत्त होत्या.

माझा प्रोग्राम वाचून त्यांनी चष्मा काढला. "एकाच कोअरले सारं कराले लावून राहिला तू. चिपमंदी दोन हायेत ना? मंग दुसरा काहून रिकामा बसला?" कोअर म्हणजे चिपमधला काम करणारा मेंदू; माझ्या चिपला असे दोन होते.

दोन दिवस त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बोर्ड मांडून आम्ही त्यावर रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम बसवली. कोणतं काम ठरल्या वेळेत झालंच पाहिजे आणि कोणतं जरा थांबलं तरी चालेल, हे तिच्यात ठरवून देता येतं. एका कोअरकडे तोलणं आणि झडप दिली, दुसऱ्याकडे पडदा आणि संत्र्यांची नोंद. वीज गेली तरी नोंद राहावी म्हणून ती चिपच्या कायमच्या मेमरीत लिहायची, हे मॅडमनी सुचवलं. टेबलावर लिंबं तोलून पाहिली. सगळं बिनचूक.

मग मॅडमही माझ्यासोबत बागेत आल्या. तिथे मात्र मधूनच एखादं मोठं संत्रं बारक्यांत पडायला लागलं.

"मशीन झपकी घेते का जी?" काकांनी विचारलं.

"वजनाचा सेन्सरच खराब आला असेल," मी ठोकून दिलं आणि वायरी बदलायला बसलो. मॅडम क्रेट उपडा करून पट्ट्याशेजारी बसल्या. तासभर तिथून हलल्या नाहीत. नजर एकदा पडद्यावर, एकदा झडपेवर. मग म्हणाल्या, "वायरी सोड. नोंद लिवली का त्याच टायमाले चुकते. पाय बरं."

मी पाहिलं. खरंच तसं होतं. आमच्या चिपमध्ये प्रोग्रामही त्याच मेमरीत राहतो, आणि तिच्यात लिहिणं चालू असताना कुणालाच तिथलं वाचता येत नाही. काम वाटून दिलं होतं, तरी त्या क्षणापुरते दोन्ही कोअर खोळंबत होते.

मॅडम काकांकडे वळल्या. "चूक पोराची नाई, भाऊ. तिथं लिवाचं मीच सांगतलं. वर्गात दरसाल हे शिकवलं, अन् मीच इसरली."

मी मघाशी सेन्सरवर ढकलून मोकळा झालो होतो. "सेन्सर चांगला आहे, काका. मी उगाच बोललो," असं म्हटलं, तेव्हा कुठे हलकं वाटलं.

पट्टा चालू असेपर्यंत नोंद तात्पुरत्या मेमरीत ठेवायची आणि पट्टा थांबला की मगच लिहायची, असा बदल आम्ही तिथेच झाडाखाली बसून केला. मधेच वीज गेली तर तेवढी नोंद जाईल, हेही मॅडमनी काकांना आधीच सांगून टाकलं.

"जाऊ द्या जी," काका हसले. "संत्रं तं जात नाई!"

दुपारभर पट्टा चालला. एकही संत्रं चुकलं नाही. मी काकांना टाळी दिली आणि मागे पाहिलं, तर मॅडम कागदावर काहीतरी आखत होत्या. परतताना बसमध्ये त्यांनी विचारलं, "दुसऱ्या कोअरपाशी लय वेळ उरते रे. रंगावरून निवडता येईन का?"