परदेशी जाणाऱ्या सामानाची यादी

दुसऱ्यांची कपाटं रिकामी करणं हेच ज्याचं काम, त्याच्याकडे किस्से आपोआप साठतात. बावीस वर्षं मी परळच्या एका ऑफिसातून परदेशी जाणाऱ्यांचं घरसामान पॅक करतोय. कुठल्या खोक्यात काय, ही कस्टमची यादी मीच लिहितो. काय जाणार नाही, हे तोंडावर सांगायचं कामही माझंच.

गिरगावात एका आईने ऑस्ट्रेलियातल्या नातीसाठी मोहरीची उशी शिवली होती. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून. मी म्हटलं, बी-बियाणं तिकडे चालत नाही, रुजेल म्हणून घाबरतात. उशीची शिवण उसवता उसवता त्या म्हणाल्या, "रुजली असती तर रुजली असती. आपलं काहीतरी तिथे वाढलं असतं."

वरळी कोळीवाड्यातल्या मावशींचा मुलगा न्यूझीलंडला निघाला होता. कुकर जड लागला म्हणून उघडला, तर आत गच्च सुका जवळा. काढावाच लागला. मावशी भांडल्या नाहीत. रिकामा कुकर परत माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "धुऊ नको हां."

पण तोही धुवावा लागला.

लालबागला एका मुलाला आजोबांचा जेवायचा पाट न्यायचा होता. लाकूड भुंग्याने पोखरलेलं, भोकांतून भुसा गळत होता. असं लाकूड तिकडे उतरवूनच घेत नाहीत. मुलाने बापाकडे पाहिलं. गिरणीतून रिटायर झालेला, चाळीत एकटाच मागे राहणारा बाप. त्याने पाट उचलून भिंतीला लावला. "मगे आमी दोघांय हयच रवतलव."

काळाचौकीचे एक आजोबा मुलाकडे कॅनडाला कायमचे निघाले होते. व्हिसा दोघांचे आले होते. आजी मार्चमध्ये वारल्या.

त्यांच्या ट्रंकेत एक जांभळा लेडीज स्वेटर निघाला, लेबल तसंच. आजींनी तिकडच्या थंडीसाठी घेतलेला. मी नियम सांगितला: वापरलेलं सामान सरळ जातं, कोऱ्या वस्तूला बिल लागतं. बिल कुठे ठेवलंय, ते फक्त आजींना ठाऊक होतं. मी म्हटलं, नसेल तर हा राहू द्या.

आजोबांनी दातांनी लेबल तोडलं आणि स्वेटर बनियनवर चढवला. बाह्या कोपराच्या जरा खाली आल्या, बटणं लागेनात. मे महिना, पंखा आदल्या दिवशीच शेजाऱ्यांना देऊन टाकलेला. ते तसेच माझ्यासमोर स्टुलावर बसले. मी खाली मान घालून बाकीची खोकी लिहीत राहिलो.

तासाभराने त्यांनी तो काढला. घामाने ओला झाला होता. नीट घडी घालून माझ्या हातात दिला.

"आता लिहा," म्हणाले. "वापरलेला."