किल्लीवाल्याचा घोडा

किल्लीवाल्याच्या मुलाला सगळी गल्ली घोडा म्हणायची, आणि गडी पळायचाही तसाच. लांब पल्ल्याच्या शर्यतीत बाकीचे जिभा बाहेर काढून लोळायला लागले, की याला आत्ता कुठे घाम फुटायचा! बाप हरखून गेलेला. जन्मभर लोकांच्या किल्ल्या घासल्या, आता घरात ढाली यायला लागल्या.

पण एका शर्यतीत घोडा मध्येच रस्त्यावर बसला. पाय धड, छाती धड, पण उठवेना. बापाने त्याला खेळाडूंच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भलता बोलका.

"फार वेळ पळलं की रक्तातली काही अमिनो आम्लं खर्ची पडतात. मग त्यांच्याच भावकीतलं एक मेंदूत शिरतं, आणि मेंदू म्हणतो, बस बाबा खाली. निम्मा थकवा डोक्यात असतो. असा अंदाज आहे हं! पावडरी निघाल्यात, पण खात्री कशाचीच नाही. त्याला विश्रांती द्या."

बापाने यातल्या दोनच गोष्टी उचलल्या: थकवा डोक्यात असतो, आणि पावडर मिळते.

झालं! रोज सकाळी फेसाळ, कडूजहर पेला तयार. पोराने नाक मुरडलं की टपली. तो तळ्याला फेऱ्या मारायला बाहेर पडला, की बाप मागून दाराला कुलूप लावायचा. कुलूप स्वतः घडवलेलं, किल्ली एकच. पोरगा लवकर परतला तर पायरीवर बसून विनवायचा,

"बाबा, आज खरंच होत नाही हो. उघडा ना."

"कुठे होत नाही?"

"पायात... सगळीकडेच."

"डोक्यात! पळ."

आईने एकदा खिडकीतून पाण्याची बाटली खाली सोडली, तर तिच्या माहेरचा उद्धार झाला.

शेवटी घोड्याच्या नडगीचं हाड तडकलं. ते काही डोक्यात नव्हतं. पाय कायमचा लंगडा झाला. बाप एवढंच म्हणाला, "पावडरीचा अख्खा डबा वाया गेला."

घोडा दुकानात बसून किल्ल्या घासायला लागला. पुढे आई गेली. बाप म्हातारा झाला, छातीचा भाता झाला. घर दुकानाच्या वर, जिना अगदी उभा. एका संध्याकाळी फिरून आलेला म्हातारा अर्ध्या जिन्यात मटकन बसला.

"घोड्या, हात दे रे. दम लागलाय."

घोडा लंगडत दारात आला. हातात फेसाळ पेला. पावडरीचा तोच जुना डबा त्याने इतकी वर्षं जपून ठेवला होता. पेला त्याने वरच्या पायरीवर नीट ठेवला.

"कुठे लागलाय?"

"छातीत रे, कुठे काय!"

"डोक्यात," घोडा अगदी मायेने म्हणाला. "या चढून."

आणि आतून कुलूप लावलं. बापाचंच.

म्हातारा आधी हसला. पोरगं थट्टा करतंय असं वाटलं असेल. मग त्याने शिव्या दिल्या, मग हाका मारल्या. मग एक पायरी वाजली. बराच वेळ काहीच नाही. परत एक.

आत घोडा जेवायची ताटं काढत होता. एक की दोन, ते त्याचं अजून ठरलं नव्हतं.