मुरलेली तबकडी आणि मामांची केळबाग

कुंभकोणात दगड भिरकावला तर तो देवळावर पडतो, आणि चुकून नाही पडला तर देवळाच्या हत्तीवर पडतो. अशा गावात डिस्क गोल्फ खेळायची बुद्धी मला झाली. परदेशातला माझा चुलतभाऊ सुट्टीला आला, जाताना प्लास्टिकच्या तबकड्यांची पिशवी विसरून गेला आणि माझं वाटोळं झालं. नियम सोपे आहेत: तबकडी फेकायची, लांबच्या टोपलीत पाडायची, नाही पडली तर वाऱ्याला शिव्या द्यायच्या. आमची टोपली म्हणजे फुलवालीची वेताची परडी. ती खांबाला बांधून वर सायकलच्या जुन्या साखळ्या लोंबत्या सोडल्या होत्या. शास्त्रोक्त काम.

जागेचा मात्र प्रश्न होता. कॉलेजच्या मैदानावर क्रिकेटवाल्यांचं राज्य, आणि महामहम तळ्याच्या काठावरून फेकलेली पहिली तबकडी थेट पितरांना पोचली. शेवटी जवळच्या मरुदानल्लूर गावात माझ्या मामांची बाग मिळाली. डावीकडे केळी, उजवीकडे पाण्याचा पाट आणि मधून बैलगाडी जाईल एवढी सरळ वाट. या कामासाठी जगात याहून चांगली जागा नाही. मी जग पाहिलेलं नाही, पण नाही म्हणजे नाही.

आता तबकडीचा स्वभाव सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. मधल्या पल्ल्याची नवी कोरी तबकडी उजव्या हाताने फेकली की निघते सरळ, पण वेग उतरला की हटकून डावीकडे वळते. कितीही समजवा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आलेल्या जावयासारखी, सगळं आधीच ठरवून आलेली. मग ती झाडांवर आपटते, दगडांवर घासते, तिची कड झिजते आणि हळूहळू तो हट्ट सुटतो. वर्षभर मार खाल्ला की ती अशी सरळ जाते की दोरी लावून पाहा. यालाच आम्ही मुरणं म्हणतो. पण त्याहून जास्त झिजली की संपलं. सुटताच उजवीकडे कलंडते आणि परतायचं नाव घेत नाही.

माझी निळी तबकडी बरोबर मधल्या अवस्थेत होती. वाटेवरच्या प्रत्येक नारळाने तिला थोबाडून घडवलं होतं. तिच्या कडेवर बोट फिरवलं की अंगावर काटा यायचा, कधी अभिमानाने, कधी प्लास्टिकची कुसं टोचून. मी ती सोडली की वाऱ्यालाही बाजूला सरावं लागे.

माझ्याबरोबर खेळायला होता कॉलेजातला भौतिकशास्त्राचा मास्तर. त्याने एक दिवस नवी तबकडी फेकली. ती शिस्तीत डावीकडे वळली आणि मामांचं एक केळफूल देठापासून छाटून गेली. मामांनी ते फूल लहान मुलाच्या प्रेतासारखं दोन्ही हातांवर घेतलं.

"वडे करू या याचे," मास्तर म्हणाला. भौतिकशास्त्रवाल्यांना वेळकाळ नसतो.

मामा माझ्याकडे वळले. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुंपणवाला येतोय. वाट बंद करून टाकतो. तुम्ही खेळा तुमच्या देवळांत."

मी हातापाया पडलो. रडलोही असेन, पण ते घाम म्हणून खपून गेलं. शेवटी मामा म्हणाले, "बरं. दसऱ्याला सकाळी ये. पंपाच्या खोलीपासून एकदाच फेक. टोपलीपर्यंत गेलं आणि माझं एक पान हललं नाही, तर कुंपणाला फाटक ठेवीन. हललं तर तुझी ती परडी गाईच्या पुढ्यात."

मला हसूच आलं. निळी होती ना!

फक्त मी आत्याला विसरलो. आमच्या घरी आयुधपूजा म्हणजे आत्याचं राज्य. नवमीला विळी, सुरी, शिवणाचं मशीन, स्कूटर, लॅपटॉप, सगळ्यांना गंध-कुंकू लागतं. कुणी कशाला हात लावायचा नाही. दसऱ्याला पुनर्पूजा झाली की आपलं हत्यार उचलायचं आणि त्यानेच दिवसाचं पहिलं काम करायचं. जे पूजेत नव्हतं त्याला त्या दिवशी उंबरठा ओलांडायची परवानगी नाही. सरकारं पडतात, हा नियम पडत नाही.

नवमीला बाहेरून घरी आलो तर देवघरात लॅपटॉपशेजारी केशरी तबकडी बसलेली. नवी कोरी, चुलतभावाने पाठवलेली, अजून हवाही न लागलेली. मधोमध रुपयाएवढं कुंकू.

"आत्या, निळी कुठाय?"

"कोठीत. कुलूप घातलंय."

"अगं, उद्या तीच लागणार आहे!"

"ते झिजकं, कडा खाल्लेलं ताट मी सरस्वतीसमोर मांडू? फुटकं भांडंसुद्धा चालत नाही पूजेत."

"ती झिजलीय म्हणूनच चांगली आहे."

"तुझे आतोबा टकलाबद्दल असंच म्हणायचे."

किल्ली तिच्या कमरेला. ती मागायची छाती आमच्या घरात कुणाला नाही. पुण्याच्या एका पाहुण्याने एकदा तिची तंजावरी मराठी ऐकून "आपण नाटकातलं बोलता का?" असं विचारलं होतं. त्याला तिने त्याच मराठीत असं काही ऐकवलं की तो जेवायला बसला नाही, उभ्यानेच स्टेशनला गेला.

दसऱ्याला पुनर्पूजा आटपताच मी केशरी घेऊन परसात गेलो. वर्षभराचा अनुभव तासाभरात द्यायचा होता. विहिरीच्या कठड्यावर आपटली, धुण्याच्या दगडावर घासली, भिंतीवर एवढ्या वेळा मारली की शेजारी विचारायला आले, घर पाडताय का? मग रिकाम्या गल्लीत फेकून पाहिली. सरळ गेली आणि राजासारखी डावीकडे वळली. कुंकू गेलं, अक्कल आली नाही.

"हिला झाडंच लागतात, वेळ लागतो," मास्तर म्हणाला. तो स्वतःची जुनी पिवळी घेऊन आला होता. ती इतकी झिजलेली की तिच्यावर भाकरी भाजता आली असती.

"ती दे मला."

"ही उजवीकडे पाटात जाईल. आणि शिवाय हिची पूजा झालेली नाही," असं म्हणून त्याने आत्याकडे पाहिलं. ती स्कूटरच्या मागच्या सीटवर कधीची बसली होती. तिला निकाल पाहायचा होता.

बागेत मामा पंपाच्या खोलीपाशी खुर्ची टाकून बसलेले. "या अक्का. भाच्याची शेवटची फेक पाहायला आलात?"

"आधी सुंडलाचे चार चणे तर द्या. दसऱ्याला बाईमाणूस दारात आलंय आणि तुम्ही शाप देत बसलात."

त्यांची बोलाचाली चालू होती, तोवर मी वाट पाहून घेतली. सरळ फेकली तर शेवटी डावीकडे वळून थेट घडांत. केळीचे घड असे भरलेले की खाली बांबूचे टेकू दिले होते. एक टेकू निसटला तर मामांसकट सगळी बाग झोपली असती. मग मनात आलं, हिला डावीकडेच यायचंय ना? येऊ दे. पण यायला जागा देऊ या.

मी तबकडीची उजवी कड खाली केली, डावी वर, आणि तोंड वाटेकडे न ठेवता पाटाकडे केलं.

"अरे, टोपली तिकडे आहे!" मामा.

"दिसत नाही वाटतं त्याला," आत्या.

मी सोडली. केशरी पाटावर गेली. पाण्याच्या मध्यावर पोचली. मामांच्या चेहऱ्यावर कुंपणाचे खांब उभे राहिलेले मला दिसले. बगळे उडाले, बेडूक गप्प झाले, आणि पलीकडच्या शेतातल्या माणसाने ती झेलायला हात वर केलेला मी या डोळ्यांनी पाहिला. मग तिला आपला हट्ट आठवला. हळूच सपाट झाली, डावीकडे झुकली, पाट ओलांडून वाटेवर आली आणि शेवटच्या केळीपासून वीतभर अलीकडे साखळ्यांवर खण्णकन आदळून परडीत पडली. पान सोडा, पानावरची मुंगीसुद्धा हलली नाही.

मामा उठून उभे राहिले. "परत आलं," ते म्हणाले. "गेलं होतं ते परत आलं रे!" मग त्यांनी मास्तरच्या हातातली पिवळी ओढून घेतली. "बघू, मी फेकतो." त्यांनी सगळा जोर लावून फेकली. ती उजवीकडे कलंडली, पाटात पडली आणि पाण्याबरोबर कावेरीच्या दिशेने निघून गेली. 

मामा पाटाकडे पाठ करून खुर्चीत बसले. "फाटक ठेवतो," ते म्हणाले. "पण बागेत नवंच आणायचं. नवं घरी परत येतं. जुनं एकदा गेलं की गेलं, माझ्या थोरल्यासारखं. सिडनीला."

मास्तरने भौतिकशास्त्र सांगायला तोंड उघडलं. मी त्याचा पाय दाबला. केळफूल छाटणारी तबकडी नवीच होती, हे मामांना कोण सांगणार? कुंपणवाल्याचा पत्ता अजून त्यांच्या खिशातच होता.

तेव्हापासून फाटकावर मामा स्वतः उभे असतात. प्रत्येक तबकडीच्या कडेवरून अंगठा फिरवतात, सोनार दागिन्यावरून फिरवतो तसा. जरा खरखरलं की, "हे बाद." निळीला तर फाटकाचं तोंडसुद्धा दिसलेलं नाही. माझी तबकडी मुरायला लागते न लागते, तोच तिला सेवानिवृत्ती मिळते. जगातली ही एकच जागा असेल जिथे उनाड तबकडीला मान आहे आणि शहाण्या तबकडीला प्रवेश नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या हिरव्या कोऱ्या तबकडीने वाटेच्या शेवटी डावीकडे झेप घेतली आणि एक अख्खा घड बांबूच्या टेकूसकट खाली आणला. आवाज ऐकून मामा धावत आले. मी परडी सोडायला खांबाकडे निघालो होतो. त्यांनी घडाकडे पाहिलं, तबकडी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला आणि ती माझ्या हातात परत दिली.

"नवं आहे अजून," ते म्हणाले. "शिकेल."