गफूरचे हात

ही गोष्ट माझ्या बायकोले माहीत नव्हती. ती जाऊन पाच वर्षं झाली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेली ही एकच. लेकाले माहीत नाही, भावकीत कोणाले नाही. देवापुढं हात जोडतो तेव्हाही हे सोडून बाकीचं बोलतो. तुमी मले ओळखत नाही, म्हणून तुमाले सांगणं सोपं जाईन असं वाटलं होतं — नाही गेलं. तीन कागद फाडले. हा चौथा.

मी चौथी शिकलेला माणूस, इंझोरीचा. माझा हात पेनाचा नाही, कुऱ्हाडीचा. चाळीस वर्षं झाडावर चढलो. कोणाच्या घरावर फांदी आली, तारेले झाड लागलं, शाळेच्या आवारात वाळलेलं खोड उभं राह्यलं, की लोक मले बोलवत. झाड बुडातून पाडणं कोणालेही येते. पण खाली घर आहे, भिंत आहे, तुळस आहे, अन् वरून फांदी तुकड्यातुकड्यानं उतरवायची, छपराचं एक कवेलू न फोडता — ते काम माझं. कारंज्यापर्यंत लोक म्हणत, किसनभाऊच्या हातची फांदी पानासारखी उतरते. हे ऐकायची मले सवय झाली होती. सवय कायची — भूक म्हणा.

खरं तं फांदी माझ्या हातानं उतरतच नव्हती. उतरवत होता गफूर.

गफूर कारंज्याचा. आधी कापसाच्या गाड्या बांधायचा. त्यानं आवळलेली गाडी कितीही खड्ड्यातून गेली तरी गठ्ठा हलत नसे. ते पाहून मी त्याले माझ्या कामावर आणलं. आमचं काम असं चाले — मी वर चढून फांदीले दोर बांधायचा, तो दोर वरच्या एखाद्या बेचक्यातून खाली गफूरकडं. मी करवत चालवली की फांदीचा सगळा भार त्याच्या हातावर. मग तो वीत-वीत दोर सोडत फांदी जमिनीवर ठेवायचा. ठेवायचा म्हणतो मी, पाडायचा नाही. बारा वर्षं. एकदाही त्याचा हात सुटला नाही.

त्याचे तळवे चामड्यासारखे झाले होते. चहाच्या टपरीवर पोरांले म्हणायचा, "चिमटा काढा रे, लागते का पाहू." अन् मले चिडवायचा, "भाऊ, वर तुमी नाव कमावता, खाली मी घट्टे कमावतो." मी हसायचो. त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, तरी हसायचो.

आता तिथवर येतो. येतो म्हणतो अन् पेन थांबते.

चौदा वर्षं झाली. गावाचं नाव सांगत नाही. गुलाबराव म्हणून एक बरे शेतकरी होते, त्यांच्या मागच्या आवारात जुनी नीलगिरी होती. तिची एक मोठी फांदी गोठ्यावर वाकली होती. नीलगिरीची साल कशी असते, पाहिली असन तुमी — ढिल्या सदऱ्यासारखी. वरून झाडाची वाटते, पण झाडाले धरून नसते. म्हणून आमचा कायदा होता : नीलगिरीले दोर बांधायचा तं आधी कोयत्यानं साल सोलायची, पांढरं लाकूड दिसेपर्यंत. मग त्यावर दोराच्या दोन आट्या, म्हणजे दोन वेढे, अन् मग गाठ. हा कायदा मीच केला होता. मीच गफूरले शिकवला होता.

त्या दिवशी मी साल सोलली नाही. आटीही एकच मारली.

काहून? पाय कापत होते. वयाची साठी जवळ आली होती. साल सोलायची तं आणखी एक हात पुढं सरकावं लागत होतं, अन् खाली गुलाबरावचे पाहुणे माना वर करून पाहत होते. कापते पाय त्यांले दिसू नये, एवढंच. हे कारण म्हणून सांगत नाही. जसं होतं तसं सांगतो.

गफूर आवाराच्या भिंतीपलीकडं उभा होता, गल्लीत, कारण दोर ओढायले तिकडंच जागा होती. भिंतीवरून त्याले झाडाचा शेंडा अन् मी दिसत होतो, खालचा गोठा दिसत नव्हता. तिकडून तो ओरडला, "भाऊ, साल नाही सोलली तुमी! अन् आटी एकच दिसून राह्यली!"

पाहुण्यांतला एक जण हसला. "काय किसनभाऊ, आता खालच्यापासून शिकून राह्यले काय?"

बस. एवढंच झालं. मी वरून ओरडलो, "गफूऱ्या, तू गुमान दोर धर! वर मी हाओ का तू?"

बारा वर्षांत मी त्याले कधी गफूऱ्या म्हटलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही, नजर दोरावरच ठेवली. मग म्हणाला, "धरला, भाऊ."

फांदी उतरताना मागं कोणी थांबायचं नाही, हाही आमचा कायदा. तो मात्र मी पाळला. सगळ्यांले समोरच्या अंगणात पाठवलं, हाक मारल्याशिवाय येऊ नका म्हणून. गोठ्यातली म्हैस बाहेर काढा म्हणायले पाहिजे होतं. म्हटलं नाही — माझ्या हातची फांदी पानासारखी उतरते ना?

करवत अर्ध्यात गेली अन् फांदी कडकड वाजली. भार आला. सदऱ्याची बाही निघावी तशी साल सरकली, सालीसकट दोराचा फास फांदीवरून निघून गेला. फांदी सरळ गोठ्यावर. खाली एकच आवाज झाला, मग काही नाही. म्हैस गाभण होती.

अन् माझ्या तोंडासमोर दोर लोंबकळत होता. रिकामा. फासात सालीचा तुकडा.

मी काय केलं? म्हशीकडं पाहिलं नाही. गफूरले हाक मारली नाही. भार एकदम गेल्यावर तो उताणा पडला असन, हे मले माहीत होतं. तरी नाही मारली. दोराचं टोक धरलं, भिंतीपलीकडून लागला तेवढा दोर ओढून घेतला अन् सरसर खाली उतरलो. कोयत्यानं फांदीची साल सोलली. पांढऱ्या लाकडावर दोर बांधला. दोन आट्या. गाठ. सालीचे तुकडे गवतात फेकले. माझ्या सरावाच्या हाताले तेवढ्याले कितीसा वेळ लागते? घराच्या कोपऱ्यावरून पहिला माणूस वळला तेव्हा मी डोक्याले हात लावून बसलो होतो.

"दोर सुटला," मी म्हणालो.

कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. दोर कोणाच्या हातात होता ते सगळ्यांले ठाऊक होतं.

गफूर फाटकातून आला. पाठ मातीनं भरलेली, कोपरातून रक्त. त्यानं म्हैस पाहिली. मग फांदीजवळ उकिडवा बसला अन् गाठीवर हात ठेवला. बोटानं आट्या मोजल्या. एक. दोन. सोललेल्या लाकडावरून अंगठा फिरवला. माझ्याकडं पाहिलं — त्या नजरेत संशय असता तं मी आज हा कागद लिहीत नसतो. संशय नव्हता. माझे उपकार मानत होती ती नजर.

"भाऊनं माझं ऐकलं होतं," तो लोकांले म्हणाला. "भाऊची गलती नाही. माझेच हात सुटले. मले तं समजलंच नाही कवा सुटले. पडलो अन् पाहतो तं दोर भिंतीवरून सरकत चालला होता."

सरकत चालला होता. मी ओढत होतो तो.

गुलाबराव त्याले काय काय बोलले. "हात हायत का भोकं?" म्हणाले. पाहुणा म्हणाला, "किसनभाऊले शिकवत होता हा मघाशी!" सगळे त्याच्यावर तुटून पडले अन् तो मान खाली घालून उभा राह्यला. तेव्हा मी उठायले पाहिजे होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी लोटाभर पाणी मागितलं अन् पिलं.

तिसऱ्या दिवशी कारंज्याले त्याच्या घरी गेलो. भला माणूस म्हणून गेलो, पाहा. त्याची बायको त्याच्या कोपराले हळद लावत होती. ती बाई कमी बोलायची, पण त्या दिवशी बोलली. "भाऊ, एक बात समजत नाही. एवढ्या भाराचा दोर हातातून सुटला, तं तळवे काहून नाही सोलले? म्या पाहिले. खरचटलंही नाही."

गफूरनं आपले तळवे उघडून पाहिले. मीही पाहिले. साफ होते.

मी म्हणालो, "दोर ओला होता भाभी. आदल्या दिवशी पाणी पडलं होतं ना. ओला दोर हात सोलत नाही."

ओला दोर कोरड्या दोरापेक्षा जास्त सोलते. दोराच्या कामातल्या कोणालेही हे ठाऊक आहे. गफूरले तं माझ्याहून जास्त ठाऊक. तो माझ्याकडं पाहत राह्यला. मले वाटलं, आता झालं. अन् तो बायकोले म्हणाला, "भाऊ म्हणते तं असन."

पहिलं खोटं मी घाईत केलं. हे दुसरं — बसून, चहाचा कप हातात घेऊन. तुमीच सांगा, कोणतं मोठं? नका सांगू. मले माहीत आहे.

त्यानंतर गफूरनं दोर धरला नाही. मी दुसरा माणूस पाहिला, काम चालू राह्यलं. माझं नाव कमी झालं नाही. लोक म्हणत, किसनभाऊनं तं पक्की गाठ मारली होती, खालचा माणूस कच्चा निघाला. मी ऐकून घ्यायचो. एकदा तं टपरीवर मीच रंगवून सांगितलं, गफूर कसा उताणा पडला ते हात वर करून दाखवलं. लोक हसले. मीही हसलो. ते मी पाहिलंही नव्हतं — तो पडला तेव्हा मी दोर ओढत होतो.

दोन महिन्यांमागं त्याच्या घरी जेवण होतं, नातवाचं नाव ठेवलं त्याचं. मले बोलावलं होतं. घरातलाच समजतात ते मले. सून बाळाले घेऊन एकेका मोठ्या माणसाच्या मांडीवर देत होती. गफूरपाशी आली, तं त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"नको, बहू. चालायले लागू दे त्याले, मग बोट धरीन. माझे हात सुटतात."

सगळे हसले. त्या घरात ही आता नेहमीची थट्टा आहे. पहिल्या नातीलेही त्यानं कधी उचललं नाही म्हणे. एक पाव्हणा म्हणाला, "चाचा, असं कुठं असते का?"

"भाऊले इच्यारा," गफूर हसत म्हणाला. "भाऊले माहीत हाय. पोट्टं भाऊच्या हातात दे, बहू. भाऊचे हात पक्के."

सगळे माझ्याकडं पाहत होते. भाभीही पाहत होती. ती हसत नव्हती.

मी हात पुढं केले. बाळ घेतलं. फार हलकं होतं.

दोर सुटला नव्हता. गाठ निसटली होती. ती मी मारली होती, अन् निसटल्यावर दुसऱ्यांदा मीच मारली. गफूरच्या हातातून आजवर काहीही सुटलेलं नाही.

इंझोरीहून कारंज्याले एसटी जाते. गफूर लेकाच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसते. मी महिन्यातून दोन-तीनदा जातो. तो माझ्यासाठी दुसरी खुर्ची मागवते. चहा येते. तो कप दोन्ही हातांनी घट्ट धरून पिते. मी पाहतो, अन् शेवटच्या गाडीच्या आधी परत येतो.