दोघींचा एक जून

सुशे, घोटावड्याहून सकाळच्या एस.टी.त आपण दोघी चढलो, तेव्हा आई खिडकीशी येऊन निरोपाचं काही बोललीच नाही. भाकरीचं फडकं आत दिलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "दाखल्यावर हाय तेच वय सांगायचं. जादा शहाणपणा न्हाई करायचा." गाडी हलली. तू धाकटी, तुला पुण्याकडं जायचं म्हणून केवढा आनंद. मी मात्र कारखान्याच्या दारापर्यंत दाखल्यावरचं वय मनात घोकत राहिले. घर सुटलं म्हणून रडतात ना माणसं? मला रडूच आलं नाही. भीतीनं त्याला जागाच ठेवली नव्हती.

तुला हे सगळं ठाऊक आहे. पण तुझ्या नातवंडांना खरं वाटायचं नाही, म्हणून लिहिते.

ट्रान्झिस्टरच्या कॉइली गुंडाळायला त्या कारखान्याला मुली हव्या होत्या. वय अठरा ते बावीस, बिनलग्नाच्या. बावीसच्या पुढं बाई लग्न करते, पोर होतं, रजा मागते, असं ते लोक उघड बोलत. मला चोविसावं लागलं होतं. म्हणजे त्यांच्या लेखी मी म्हातारी! विहिरीच्या कामावर बाबांच्या कमरेवर दगड पडला आणि ते अंथरुणाला खिळले. त्यांचं करता करता माझं लग्न राहून गेलं, आणि आता नोकरीचं वयही निघून चाललं होतं. घरात कमावतं कुणीच नव्हतं.

पण दाखल्यावर मी वीसचीच होते. आपल्याकडं पोरांना जन्मतारीख आईबाप देत नव्हते, गुरुजी द्यायचे. तुला कडेवर घेऊन मी फिरत राहिले, आणि तू शाळेच्या वयाची झालीस तेव्हा कुठं मीही मोकळी झाले. आईनं दोघींना एकाच दिवशी शाळेत नेऊन उभं केलं. गुरुजींनी विचारलं, कधीची पोर? आई म्हणाली, पुण्यात पूर आला त्या सालची. ती तुझं सांगत होती. गुरुजींनी दोघींच्या नावापुढं तेच साल टाकलं आणि तारीख एक जून. निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं, त्यात आपण दोघी. आईला वाचता येत नव्हतं, आणि सातवीपर्यंत त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही.

कारखान्याच्या डॉक्टरांनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, जुळ्या का? मी मान हलवली. मग त्यांनी बॅटरी घेतली आणि दोघींना तोंड उघडायला लावलं. माझ्या अक्कलदाढा चारी आलेल्या, तुझी एकही नाही. त्यात तू काडीसारखी, पंधराचीसुद्धा दिसत नव्हतीस. डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. थंडपणानं म्हणाले, "तुम्ही एका वेळच्या नाही. एकीची तारीख खोटी आहे. कुणाची ते सांगा, नाहीतर दोघींना परत पाठवतो."

पोलीस, बेडी, बाबांची खाट, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी तोंड उघडणार तोच तू बोललीस.

"माझी खोटी हाय, सायेब. मी धाकटी. मला अजून अठरा न्हाई झाली."

खरा दाखला तुझा होता, सुशे. डॉक्टरांनी तोच बाजूला सारला आणि माझ्या दाखल्यावर सही केली.

फाटकाबाहेर मी तुझा दंड धरून रागानंच विचारलं, हे काय केलंस? तू भाकरीचं फडकं सोडत म्हणालीस, "तुझ्याकडं टाइम न्हाई, आक्का. माझ्याकडं हाय."

कुठला टाइम! वर्ष सरायच्या आत आईनं तुला ताम्हिणीला देऊन टाकलं. त्या धो धो पावसात, गुडघाभर चिखलात तुझी भातलावणी सुरू झाली. इकडं मी पंख्याखाली बसून केसाएवढी तार गुंडाळत होते आणि जीव मुठीत धरून जगत होते. माझ्याहून लहान बायांना ताई म्हणायचे. एकदा डब्याच्या सुट्टीत पुराच्या गोष्टी निघाल्या. मी बोलून गेले की आमची मावशी पुण्याहून ओल्या लुगड्यानं आली ती मला आठवते. एकजण म्हणाली, तेव्हा तर तू पाळण्यात असशील! मी हसून म्हटलं, आई सांगते ना. त्या दिवशी माझ्या हातून चार कॉइली तुटल्या. लग्न झालं, नवऱ्यालाही दाखल्यावरचंच वय सांगितलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की वाटायचं, आलं, उघडकीला आलं. कुणी कधी विचारलं नाही. भीती मात्र कायम राहिली. रिटायर झाले तीही खऱ्या वयाच्या तीन वर्षं मागाहून, डोळे अधू झाल्यावर.

गेल्या पावसाळ्यात तुझ्या ओसरीवर बसले होते. घाट बघायला आलेली एक बाई पाणी प्यायला आत आली. तुझी वाकलेली पाठ आणि पांढरे केस बघून मला म्हणाली, ह्या तुमच्या थोरल्या बहीण का? तू तांब्या पुढं करत म्हणालीस, "व्हय."

चिंचवडच्या फ्लॅटला मी घर म्हणते, ते लोकांना सांगायला. आईबाबा गेले, घोटावड्यात आता आपलं कुणी नाही. माझं खरं वय माहीत असलेलं माणूस तू एकटी उरलीस, म्हणजे घर तुझ्यापाशीच. तरी तिथं येताना भीती सोबत असतेच. ती नोकरीची जागा माझी होती, असं तू इतक्या वर्षांत एकदाही म्हणाली नाहीस. आज म्हणशील, या धास्तीनंच मी तुझ्या उंबऱ्यात चप्पल काढते.