फाईलचा मालक

गणपतीला आलेल्या चुलतभावाने जाता जाता आमचा लॅपटॉप अपग्रेड करून दिला, आणि तो गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मला माझ्याच फाईलमध्ये एक ओळ सेव्ह करता येईना. ‘या ठिकाणी सेव्ह करण्याची तुम्हाला परवानगी नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.’ फाईल उघडत होती, वाचता येत होती, टाईपही होत होतं. फक्त लिहिलेलं ठेवून घेत नव्हती. मी तीनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा मनात म्हटलं, बरोबर. याचसाठी एवढा सेवाभाव उतू चालला होता.

मी मुळातच संशयी. दूध घेताना माझी नजर दुधावर नसते, मापाच्या बुडाला पोचा आहे का त्यावर असते. घरचे हसतात, हसोत बापडे. पण ही फाईल हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

दिवेआगरची आमची वाडी दोन घरांची, बाबांची आणि काकांची. जमीन एकत्र, झाडं वाटलेली. हा माड आमचा, त्याच्या शेजारचा त्यांचा, मधल्या चार पोफळी आमच्या, अशी वाटणी आजोबांनी तोंडी केली आणि ती कागदावर कधी आलीच नाही. मोठ्या वादळात निम्मी वाडी आडवी झाली, खुणा गेल्या. काका त्याआधीच गेले होते. कोणतं झाड कोणाचं, कुठल्या पडलेल्या झाडाच्या जागी कोणी नवं लावायचं, हे सांगणारे एकटे बाबा उरले, वय वर्षं ब्याऐंशी. शाळेतून शिकवून आले की मी त्यांना हळूहळू वाडीत हिंडवायची. ते काठीने दाखवायचे, मी घरी येऊन टाईप करायची. बाबा आहेत तोवर यादी पुरी झाली नाही, तर पुढे ही दोन घरं एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हसळ्याला कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, अपग्रेडनंतर होतं असं कधी कधी. फाईलचा मालक दुसरा कोणीतरी दाखवत असणार. तुम्ही दुसरीकडे सेव्ह करा की.”

दुसरीकडे म्हणजे दोन याद्या, आणि दोन याद्या म्हणजे भांडणाला आवतण. पण माझ्या कानात घुमत राहिलं ते भलतंच. मालक दुसरा!

मग भावालाच फोन केला, सूर शक्य तितका साधा ठेवून. तो म्हणाला, “अगं ताई, सोपं आहे. मी मुंबईतूनच तुझ्या स्क्रीनवर येतो. एक नंबर दिसेल, तो फक्त मला सांग.”

“नको.”

“का गं?”

“रेंज नाही इथे.”

रेंजवरच तर आम्ही बोलत होतो. तो म्हणाला, “बरं, रविवारी येतो.” गणपतीनंतर एकदम शिमग्याला उगवणारा हा माणूस एका फाईलसाठी एवढा प्रवास करून यायला तयार झाला, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतंच.

तोवर मी फाईल बंद केली नाही, कारण बंद केली असती तर ती ओळ गेली असती. लॅपटॉप चार दिवस जेवणाच्या टेबलावर तसाच उघडा, चार्जर लावलेला, वर पंचा. बाबा रोज विचारत, “यादी कुठवर आली?” मी म्हणे, “होतेय.”

आता ती ओळ कोणती ते सांगते.

विहिरीवर एक माड आहे. एवढ्या वादळातही त्याला काही झालं नाही. बाबांनी काठी रोखून सांगितलं होतं, “हा त्यांचा. तुझ्या काकाने लावलेला.” मी विचारलं, “नक्की?” ते चिडले. “नक्की म्हणजे? खड्डा मी खणून दिलाय.” आणि मी घरी येऊन टाईप केलं: विहिरीवरचा माड, आमचा. ते घर मुंबईला गेल्यापासून त्याला पाणी मी घातलं, भुंगा लागला तेव्हा औषध मी भरलं, भावाला तर तो दाखवल्याशिवाय ओळखताही आला नसता. अशी माझी बाजू मी स्वतःलाच पटवून दिली होती. चोराच्या मनात चांदणं, ही म्हण मी वर्गात दरवर्षी शिकवते. त्या चार दिवसांत ती एकदाही आठवली नाही.

रविवारी तो आला. हातपाय धुऊन बाबांच्या पाया पडला आणि टेबलाशी बसला. मी खुर्चीला खुर्ची लावून बसले, बाबा झोपाळ्यावर. त्याने एक चौकट उघडली. “हे बघ, मालक कोण ते.”

मालकाच्या जागी काकांचं नाव होतं.

लॅपटॉप मुळात काकांनी घेतलेला, ते गेल्यावर आमच्याकडे आलेला, पहिलं खातं त्यांचं. अपग्रेड करताना भावाने माझं नवं खातं उघडलं, फायली मात्र जुन्या खात्याकडेच राहिल्या. “मला माझ्या बाबांचं नाव काढवेना गं, ताई,” तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. आमच्या सातबाऱ्यावर अजून आजोबा आहेत. गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात कोणीच उतरवत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. त्याने काकांचा पासवर्ड टाकला. तरीही मी मान वळवली नाही, त्याची बोटं कुठे पडतात ते बघत राहिले.

“झालं. फोल्डर तुझ्या नावावर केलं. कर आता सेव्ह.”

“थांब,” बाबा झोपाळ्यावरून म्हणाले. “आधी वाच. मोठ्याने.”

आमच्या वाडीत नारळ पाडताना दोन्ही घरचं एकेक माणूस खाली उभं असावं लागतं. झाड कोणाचं ते मोठ्याने सांगायचं, मगच गडी वर चढतो. यादीलाही बाबांना तोच नियम हवा होता.

मी वाचू लागले. पडवीजवळचा ठेंगू माड, आमचा. कोपऱ्यातला जुळा, त्यांचा. शेवटची ओळ जवळ येऊ लागली तसा माझा वाचण्याचा वेग मंदावला.

“विहिरीवरचा माड,” मी म्हणाले, “काकांचा.”

बाबांनी मान डोलावली. स्क्रीनवर ‘आमचा’ होतं, आणि भावाची खुर्ची माझ्या खुर्चीला टेकलेली होती.

तो उठला. “तू सेव्ह कर, ताई. मी विहिरीवर जाऊन हात धुऊन येतो.” हात त्याने आत्ताच धुतले होते.

मी तो शब्द खोडला, खरा लिहिला आणि सेव्ह केलं. या वेळी कसलीच सूचना आली नाही.

त्याने पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. तो जेवला, संध्याकाळच्या गाडीने गेला. आता दर रविवारी फोन करतो, बाबांची चौकशी करतो, माझ्या गुडघ्याची करतो. त्या माडाचं नाव काढत नाही. म्हणूनच मला संशय आहे, की त्याने पाहिलं.